बाळूच्या कार्डावरचं शून्य

पोस्ट लांबली आहे, सवडीनं वाचा. क्रिकेटची आहे, पण आयपीएलची नाही.

आम्ही सात-आठ जण गेल्या पावसाळ्यापासून एक खेळ खेळतोय. मोबाईलवरचा नव्हे. कागद, दोन फासे, एक जुनी वही आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप. खेळातला काळ 1907 ते 1946, जागा मुंबई. कुणाकडे जिमखाना, कुणाकडे संस्थान, एकाकडे वर्तमानपत्र. प्रत्येकाजवळ दोनच गोष्टी : रुपये आणि वजन. वजन म्हणजे आपण म्हणतो ना, "त्याचं वजन आहे तिथं", तेच. दर रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत खेळातलं एक वर्ष सरतं. मी खेळत नाही, मी चालवतो. नियम माझे, त्यामुळे शिव्याही मलाच.

काळ 1907 पासून का, तर त्या वर्षी पारशी आणि युरोपियन यांच्या सामन्यांत हिंदू संघ आला आणि तिरंगी स्पर्धा सुरू झाली. 1912 मध्ये मुसलमान संघ आला, चौरंगी झाली. 1937 ला 'इतर' नावाचा पाचवा संघ, ती पंचरंगी. ख्रिस्ती, ज्यू, अँग्लो-इंडियन, जे कुठंच बसत नव्हते ते सगळे 'इतर'. आपल्या सांगलीचे विजय हजारे ह्या 'इतर' संघातून खेळायचे. एका अंतिम सामन्यात संघाच्या 387 धावा झाल्या, त्यातल्या 309 एकट्या हजारेंच्या. आणि तरी डावानं हरले! आमच्यातल्या एकानं हा सामना फाशांवर तीन वेळा खेळून बघितला, हजारे शंभरच्या पुढं जाईनात. म्हणाला, तुझे फासे खोटे आहेत. फासे खोटे नव्हते, माणूस तसा होता.

तर मुद्दा असा की लीग 'न्याय्य' करायची, एवढं सगळ्यांचं पहिल्याच दिवशी ठरलं होतं. आणि भांडणं तिथूनच सुरू झाली.

पंचांचं सोपं होतं. चिठ्ठी टाकायची. मैदानाचं अवघड. खऱ्या इतिहासात गोऱ्या साहेबांचा पोलो देशी पोरांच्या क्रिकेटच्या मैदानावर चालायचा, घोड्यांच्या टापांनी जमिनीची चाळण व्हायची आणि पोरं अर्ज करत बसायची. युरोपियन जिमखाना चालवणारा आमचा बँकेतला मित्र म्हणाला, "मग मला मैदान फुकट पाहिजे. इतिहासात तसंच होतं." पारशी संघवाले सर म्हणाले, "मग न्याय्य लीग कशाला म्हणतोस?" दोघांचंही बरोबर. शेवटी मी ठरवलं की जे इतिहासात होतं ते राहू दे, पण ते बदलण्याची वाट सगळ्यांना सारखी उघडी पाहिजे. मैदान साहेबाकडे, पण अर्जावर अर्ज केले की त्याचं वजन घटत जाणार. बहिष्काराचा नियम मात्र थेट खऱ्या घटनेवरून घेतला. 1937 ला नव्या ब्रेबॉर्न स्टेडियममध्ये प्रेक्षकांच्या जागा वाटण्यावरून बिनसलं आणि पंचरंगीच्या पहिल्याच वर्षी हिंदू संघ आलाच नाही. म्हणजे खेळाडूंचं नव्हे, खुर्च्यांचं भांडण. आपल्याकडच्या स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेवरून होतं तसंच.

आता मूळ गोष्ट. खेळाडूंची कार्डं मी बनवली होती. फलंदाजी, गोलंदाजी, नेतृत्व, प्रत्येकी शून्य ते दहा. पालवणकर बाळूचं कार्ड सगळ्यात महाग. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : चर्मकार समाजातला डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची कामं करत होता, साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी करत होता. हिंदू संघात घेतलं तेव्हा मैदानावर चेंडू सगळे त्याच्याच हातात देत, पण चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. कर्णधार मात्र कधीच केलं नाही. 1920 मध्ये भावांनी भांडण मांडल्यावर उपकर्णधारपद मिळालं, आणि त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल 1923 ला हिंदूंचा कर्णधार झाला. त्या वर्षी हिंदू जिंकले.

मी बाळूच्या कार्डावर लिहिलं होतं : गोलंदाजी 10, नेतृत्व 0.

आमच्यात एक पोरगा येतो, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे, तेवीस-चोवीस वर्षांचा. फारसं बोलत नाही. त्यानं कार्ड हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि विचारलं, "सर, हे शून्य कुणी दिलं?"

मी म्हटलं, अरे तो कधी कर्णधार झालाच नाही.

"झाला नाही की केला नाही?"

खोलीत कुणी काही बोललं नाही. बँकेतल्या मित्रानं उगाच फासे हलवले. मला खरं सांगायचं तर आधी राग आला. एवढं वाचून, तारखा तपासून मी कार्डं केली, आणि हा एका आकड्यावर अडतोय. घरी येऊन वही उघडली तर दिसलं की इतर कुणालाच मी शून्य दिलेलं नाही. ज्यांनी जन्मात कर्णधारपद केलं नाही अशा चारजणांना मी डोळे झाकून पाच-पाच दिलेत. बाळूचं तेवढं शून्य. जिमखान्याच्या कमिटीनं त्याच्यावर केलेला अन्याय मी त्याचा गुण म्हणून लिहून मोकळा झालो होतो.

पुढच्या रविवारी कार्ड बदललं. नेतृत्व 8. त्याच्याखाली दोन ओळी : बाळूला कर्णधार केल्यास जिमखान्यातलं वजन 3 नं कमी. न केल्यास दर वर्षी फासा टाका. सहा पडला तर विठ्ठल आणि शिवराम संघ सोडतील. हिंदू जिमखाना चालवणाऱ्यानं दोन आठवडे विचार केला आणि बाळूला कर्णधार केलं. सामना हरला, वजनही गेलं. आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाही.

इथपर्यंत खेळ होता. आता गावाचं.

आपल्याकडे दिवाळीनंतर टेनिस बॉलचे सामने असतात हे तुम्हाला माहीत आहे. पूर्वी गल्लीची टीम असायची, तालमीची असायची. गेल्या काही वर्षांत काय झालंय बघा. अमुक समाज प्रीमियर लीग, तमुक समाज चषक. संघमालक समाजाचे, खेळाडू समाजाचे, नोंदणीला आधार कार्ड आणतात ते वय बघायला नाही, आडनाव बघायला. 1946 मध्ये पंचरंगी बंद पडली, आणि आपण फ्लडलाईट लावून ती परत सुरू केली. मोठ्या समाजांच्या लीगला मोठी बक्षिसं, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण. ज्यांची अकरा पोरंही जमत नाहीत त्यांनी स्टंपमागं उभं राहून चेंडू आणून द्यायचे. आमचा तो मोबाईलवाला पोरगा चांगला विकेटकीपर आहे. दोन वर्षांत एकही खरा सामना खेळलेला नाही. हे मला त्यानं सांगितलं नाही, दुसऱ्याकडून कळलं.

यंदा एका मंडळानं मला नियम लिहून द्यायला सांगितले, "तुम्ही ते खेळाचं करता ना" म्हणून. मी लिहून दिलं : संघ वॉर्डाचे, खेळाडूंची नावं चिठ्ठ्यांवर, एका संघात एका घरातले दोनच, पंच बाहेरगावचे. बैठकीत दोन प्रायोजक उठून गेले. एक जण दारात थांबून म्हणाला, "साहेब, आमच्या पोरांना आमच्या पैशानं खेळवलं तर तुमचं काय जातं?" प्रश्न चुकीचा नाही. मला तिथं नीट उत्तर देता आलं नाही, अजूनही पूर्ण सुचलेलं नाही. आठ संघ होणार होते, आता पाचच राहिलेत, आणि ट्रॉफीचे पैसेही कमी पडतायत.

चिठ्ठ्या येत्या रविवारी सकाळी दहा वाजता वाचनालयात, सगळ्यांसमोर काढायच्या आहेत. नाव द्यायचं असेल तर शनिवारपर्यंत कमेंटमध्ये लिहा. वय आणि वॉर्ड एवढंच पुरे, आडनाव लिहायची गरज नाही. स्कोअर लिहायला दोन माणसं पाहिजेत. चेंडू आणि चहाचा खर्च कुणी उचलत असेल तर फोन करा, बॅनरवर फोटो मात्र लागणार नाही.