जाहिरातीतली गृहिणी आणि गल्ल्यामागची स्त्री

तालुक्याच्या गावातील एका किराणा दुकानाला 2025 च्या दिवाळीत पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त स्थानिक वृत्तपत्राच्या दिवाळी पुरवणीत अर्ध्या पानाची जाहिरात द्यायचे ठरले. सूर्यास्तापूर्वीची जेवणे आटोपून घरातील मंडळी ओसरीवर बसली असताना छापखान्यातून जाहिरातीचा नमुना मोबाइलवर आला. वर दिवंगत संस्थापकांचे हार घातलेले छायाचित्र, त्याखाली दोन मुलगे व तीन नातू, आणि उजव्या कोपऱ्यात मसाल्याचे ताट घेऊन हसणारी, गोरीपान, भरजरी साडीतली एक तरुणी. तिच्याखाली ठळक अक्षरांत ओळ होती : ‘गृहिणींची पहिली पसंती’.

संस्थापकांच्या पत्नी, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी, चष्मा लावून नमुना न्याहाळत होत्या. त्यांनी विचारले, “ही कोण?”

“कोणी नाही, आई. असे फोटो छापखान्यात तयार मिळतात,” थोरला मुलगा म्हणाला.

दुकानाची जीएसटीची विवरणपत्रे गेली आठ वर्षे भरणारी थोरली सून हळूच म्हणाली, “मग त्या जागी आईंचाच फोटो घालू या ना.”

“घरच्या बायकांचे फोटो पेपरात देण्याची आपल्यात पद्धत नाही,” मुलाने उत्तर दिले.

त्यावर कोणी काही बोलले नाही. परक्या घरची अनोळखी स्त्री दुकानाच्या जाहिरातीत चालते, मात्र ज्या स्त्रीने ते दुकान सांभाळले तिचा चेहरा चालत नाही, ही विसंगती त्या शांततेत सर्वांनाच जाणवली असावी.

दुकान सांभाळले, हे शब्द केवळ गौरवाचे नाहीत. 1983 मध्ये संस्थापकांना अर्धांगवायूचा झटका आला आणि दीड वर्ष ते अंथरुणाला खिळले. थोरला मुलगा तेव्हा आठवीत होता. गल्ल्यावर दिवाणजी बसत, पण रोजमेळ आतल्या खोलीत आजी लिहीत. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंतचे. खतावणी त्या माहेरी वडिलांच्या शेजारी बसून शिकल्या होत्या. त्या दीड वर्षात घाऊक व्यापाऱ्यांची सर्व देणी मुदतीत चुकती झाली आणि थकलेली उधारीही बरीचशी वसूल झाली. संस्थापक बरे झाले, वही पुन्हा गल्ल्यावर गेली आणि आजी पुन्हा स्वयंपाकघरात गेल्या. दुकानाच्या इतिहासात त्या दीड वर्षाची नोंद कोठेही नाही.

त्याच दशकात घराघरांत दूरदर्शन आले आणि पाठोपाठ सर्फच्या जाहिरातीतली ललिताजी आली. अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी 1969 मध्ये सुरू केलेल्या, मुलीच्या नावावरून नाव ठेवलेल्या निरमाने तोवर स्वस्त किमतीच्या बळावर बाजार हलवून सोडला होता. महागड्या सर्फची बाजू मांडण्यासाठी जाहिराततज्ज्ञ ॲलेक पदमसी यांच्या कल्पनेतून बाजारात घासाघीस करणारी, स्वस्त वस्तू आणि फायद्याची वस्तू यांतला फरक ठामपणे सांगणारी गृहिणी अवतरली. ती भूमिका करणाऱ्या कविता चौधरी यांनी पुढे 1989 मध्ये ‘उडान’ ही पोलीस अधिकारी स्त्रीची मालिका लिहिली, दिग्दर्शित केली आणि तीत प्रमुख भूमिकाही केली. आजींच्या दुकानात दोन्ही पुडे शेजारी शेजारी असत आणि कोणत्या पुड्यावर किती नफा सुटतो हे त्यांना तोंडपाठ होते. तरीही ललिताजी पडद्यावर आली की त्या हातातले काम थांबवीत. “ही बाई हिशेबातली आहे,” असे त्या म्हणत.

ललिताजीही अखेर कपडेच धूत होती, हे खरे. पण निर्णय तिचा होता. अशा स्त्रिया जाहिरातींत विरळाच राहिल्या. एरवी पडद्यावरची स्त्री एक तर सर्वांना वाढून स्वतः शेवटी जेवणारी, नाही तर आरशासमोर बसून खर्च करणारी. कमावणारा, गुंतवणूक करणारा, घराची किल्ली घेणारा बहुधा पुरुषच. बचत आणि विम्याच्या जाहिरातींनी तर वर्षानुवर्षे एकच वाटणी पढवली : मुलाचे उच्च शिक्षण आणि मुलीचे लग्न. 2015 मध्ये सुरू झालेल्या सुकन्या समृद्धी खात्यातून मुलीच्या उच्च शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. तरीही कित्येक घरांत त्या खात्याची ओळख ‘लग्नाचे पैसे’ अशीच असते. वाक्य पुन्हा पुन्हा कानावर पडले की ते मत राहत नाही, रीत बनते.

रंगाचेही तसेच. हे दुकान सुरू झाले त्याच 1975 साली ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली. गोऱ्या रंगावाचून नोकरी नाही आणि स्थळही नाही, हे तिच्या जाहिरातींनी पिढ्यांना शिकवले. 2020 मध्ये कंपनीने नावातून ‘फेअर’ हा शब्द काढला. परिचयपत्रकांतून ‘गोरी’ हा शब्द मात्र अजून गेलेला नाही. ती पत्रके कोणतीही कंपनी छापत नाही. ती घरोघरी तयार होतात.

कायदा आहे, पण त्याची धाव मर्यादित आहे. स्त्रियांचे असभ्य चित्रण रोखणारा कायदा 1986 मध्ये झाला. तो अश्लीलतेला अडवतो. अंगभर पदर घेतलेल्या अन्यायाला अडवू शकत नाही. भारतीय जाहिरात मानक परिषदेने 2014 मध्ये सावळ्या वर्णाला कमी लेखणाऱ्या आणि 2022 मध्ये स्त्री-पुरुषांना ठरीव साच्यांत बसवणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. काही जाहिरातदारही बदलले. 2016 मध्ये एरियलच्या जाहिरातीत एक वृद्ध पिता नोकरी करून घरी आलेल्या मुलीची धावपळ पाहतो आणि आपण स्वतः घरकामात कधी हात लावला नाही म्हणून तिची क्षमा मागतो. यात कंपनीचा साबण खपतोच. पण साबणाबरोबर एखादी चांगली गोष्टही घरात येत असेल, तर व्यापाऱ्याने तिला हरकत घेण्याचे कारण नाही.

कारण प्रत्यक्ष चित्र अजून जुनेच आहे. केंद्र सरकारच्या 2019 च्या कालवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे देत होत्या, तर पुरुष 97 मिनिटे. आणि घरकामात हात घालणाऱ्या पुरुषांचे प्रमाण तेव्हा जेमतेम 26 टक्के होते. या पाच तासांची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही. ज्या खर्चाची नोंद होत नाही तो खर्च झालाच नाही असे मानणे, हा हिशेबातला सर्वांत जुना दोष आहे.

व्यापारी कुटुंबांच्या बाबतीत प्रश्न आणखी जवळचा आहे. ही कुटुंबे जाहिराती पाहतातच, शिवाय जाहिराती देतातही. दुकानाची पाटी, कॅलेंडर, पिशवी, दिवाळीचे शुभेच्छापत्र या साऱ्या जाहिरातीच आहेत. पाटीवरचे ‘आणि सन्स’ हे शब्दही जाहिरातच आहेत. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात, जो जैन कुटुंबांनाही लागू आहे, मुलीला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला. पाटी रंगवणाऱ्याला ती बातमी अजून कोणी दिलेली नाही. ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंकविद्या शिकवली, ही कथा या समाजातल्या मुली पाळण्यापासून ऐकतात. अंकविद्या ज्यांच्या हाती प्रथम आली, त्यांच्याच हातून वही काढून घेण्याची रीत मग कोठून आली, हे प्रत्येक घराने स्वतःला विचारावे.

त्या रात्री ओसरीवरची शांतता आजींनीच मोडली. “माझा फोटो नको,” त्या म्हणाल्या, “पण हिचाही नको.” मग त्यांनी सुनेला माळ्यावरची जुनी पेटी काढायला सांगितली. लाल कापडी बांधणीचा 1983 चा रोजमेळ तीत होता. कडा कुरतडलेल्या होत्या, शाई तपकिरी झाली होती, पण प्रत्येक पानाखाली जमा आणि नावे यांचा मेळ अचूक बसलेला होता. मुलगा बराच वेळ ती पाने उलटत राहिला. शाळेतून आल्यावर आईच्या हाताला लागलेली शाई पाहिल्याचे त्याला आठवले. ती कसली, हे त्याने तेव्हा विचारले नव्हते.

पुरवणीत जाहिरात आली तेव्हा उजव्या कोपऱ्यात त्या रोजमेळाचे एक पान होते आणि खाली, ते कोणी लिहिले त्याची एक ओळ, नावासह. गावातल्या दोन जुन्या गिऱ्हाइकांनी दुकानात येऊन सांगितले, की वहिनींचे अक्षर त्यांनी लगेच ओळखले. त्यांच्या घरी उधारीच्या चिठ्ठ्या त्याच अक्षरात येत.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या वहीवर पहिली नोंद थोरल्या सुनेने लिहिली. पाटीवरचे ‘आणि सन्स’ मात्र अजून तसेच आहे. रंगारी सवडीने बोलवू, असे शेठजी सांगतात. आजी रोज संध्याकाळी त्यांना त्याची आठवण करून देतात.