थापी

आमच्या गावच्या बस्तीसमोर सासूबाईंच्या स्मरणार्थ पाणपोई बांधायची ठरली, तेव्हा माझी लेक आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला होती. म्हणाली, "आई, आम्ही नऊजणं मिळून बांधतो. नकाशा आमचा आणि हातही आमचेच." पंचांनी अट घातली, मुलींनी नकाशा काढावा, भिंत गवंड्यानं चढवावी. खरं सांगते, हे पंचांच्या आधी मीच बोलून गेले होते. हाताला फोड आलेली, उन्हानं रापलेली पोरगी सोयरिकीच्या वेळी कशी दिसेल, हेच माझ्या मनात. लेक वाद घालत बसली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ओळंबा घेऊन बस्तीसमोर हजर!

चातुर्मास संपल्यावर काम निघालं. पायाची आखणी झाली आणि नेमक्या त्या जागी मुंग्यांचं घर दिसलं. मुलांनी दोरी उचलून पाया दोन हात सरकवला. मग माठांवर पश्चिमेचं ऊन यायला लागलं, म्हणून कौलांचं छप्पर हातभर पुढे काढलं. मुंग्यांनी नकाशा बदलला म्हणायचा!

जांभा खाणीतून निघतो तेव्हा तासता येईल इतका मऊ, वाऱ्यावर पडला की कडक होत जातो. मुलांचे हातही तसेच झाले. तिसरा थर बोटभर कलला. म्हातारे गवंडीमामा रागावले नाहीत, नुसता ओळंबा सोडून दाखवला. पोरांनी मुकाट्यानं थर उतरवला.

घमेलं वाहायला एक बाई यायची. एकदा डबा घेऊन गेले तर म्हणाली, "वहिनी, तुमच्या पोरीच्या हातात थापी दिली व्हय? मी वीस वर्सं घमेलं उचलतोय, मला कुणी दगड लावू दिला न्हाई." माझ्याकडे उत्तर नव्हतं. लेकीनं मात्र ऐकलं आणि आपली थापी तिच्यापुढे धरली. बाईनं आधी पदराला हात पुसले. मग मसाला पसरला, दगड बसवला, वरून दोनदा ठोकला. गवंडीमामांनी ओळंबा लावला. दगड सरळ होता. मामा काही बोलले नाहीत, पण पुढचा दगडही तिलाच बसवू दिला.

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती 1204 सालची. ती रट्टांचा मंत्री बिचिराज यानं बांधवली, हे आपण मुलांना सांगतो. छतातलं ते दगडी कमळ पाहताना मीही लहानपणापासून मान वर करत आले. ते कुणाच्या हातांनी कोरलं, असं कधी मनातसुद्धा आलं नाही.

आता पाणपोईत रोज गाळलेलं पाणी भरलं जातं. पाटीवर सासूबाईंचं नाव आहे, खाली आमच्या घराण्याचं. त्या बाईचं नाव घाला, असं पंचांना सांगायला मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा दुसरंच काही बोलून परत आले. लेक सुट्टीला आली की पहिल्यांदा तेच विचारते.

या पौर्णिमेला पुन्हा जाणार आहे. या वेळी लेकीला बरोबर नेत नाही. हे माझं मलाच बोलायला हवं.