बाळंतपणातलं पथ्य आणि माझी बोटं

वज्रेश्वरीला तुमच्यापैकी पुष्कळजणी जाऊन आल्या असतील. वसईच्या मोहिमेच्या वेळी चिमाजीअप्पांनी नवस बोलला आणि 1739 साली किल्ला सर झाल्यावर देवीचं देऊळ उभं राहिलं, ते हे गाव. जवळच तानसेकाठी अकलोलीची ऊन पाण्याची कुंडं आहेत. सांधे दुखणारी माणसं तिथे हातपाय बुडवून बसलेली दिसतात. त्यांत एकदा मीही होते.

धाकटा चार महिन्यांचा असताना सकाळी माझी बोटं आखडू लागली. दोन्ही हातांची, अगदी सारखी. कणीक मळवेना, बाळाच्या झबल्याचे बंद बांधवेनात. तास-दीड तासानं हात सैल व्हायचे. सासूबाई म्हणाल्या, “शेकशेगडी नीट घेतली नाहीस, गार पाण्यात हात घातलेस!” शेजारच्या काकूंनी चिंच-दही बंद करायला लावलं. मलाही वाटू लागलं, चूक माझीच. कुंडात बरं वाटायचं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तीन खेपा झाल्या आणि तीन महिने गेले.

शेवटी डॉक्टरांकडे गेले. रक्त तपासून ते म्हणाले, “हा आमवात. शरीराचे राखणदार जंतू सोडून आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर तुटून पडतात.”

“पण का? माझ्या पथ्यामुळे?”

“नाही हो. याला एकच एक कारण नसतं. थोडं रक्तातून आलेलं असतं. पुरुषांपेक्षा बायकांना हा दोन-तीन पट अधिक होतो, आणि बाळंतपणानंतरच्या महिन्यांत डोकं वर काढतो. विडी-सिगारेट, हिरड्यांचं जुनं दुखणं, फार वाढलेलं वजन यांनी धोका वाढतो. गार पाण्यानं किंवा चिंचेनं हा होत नाही.”

तेव्हा मैत्रिणींनो, सकाळी बोटं अर्धा तासाहून जास्त वेळ आखडलेली राहत असतील, सांधे सुजत असतील, तर थांबू नका. औषध वेळेवर सुरू झालं तर सांधे वाकडे होण्यापासून वाचवता येतात. माझी एक गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज चुकूनही नाही. दिवस राहिलेले असताना ती चालत नाही. म्हणून मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावं.

थोरली लेक घाबरून म्हणाली, “आई, मलाही होणार?” मी सांगितलं, “अगं, अगदी एकसारख्या जुळ्या बहिणींतही एकीला झाला तरी दुसरीला बहुतेक वेळा होत नाही.”

सासूबाई त्या रात्री बराच वेळ गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, “मीच तुला उगीच बोलले गं.”

आजही आम्ही दोघी देवीची ओटी भरायला जातो. कुंडात हात बुडवते, आखडलेपणा सैल होतो, छान वाटतं. पण गोळीचा वार कोणता, हे आता माझ्याआधी सासूबाईंना आठवतं.