तंजावरचा माळी

तंजावर म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे तीन गोष्टी उभ्या राहतात : बृहदीश्वराचे उंच शिखर, भोसल्यांचा राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालय. ही तिन्ही ठिकाणे पाहून प्रवासी संध्याकाळच्या गाडीने कुंभकोणमला किंवा मदुराईला निघून जातो. पण ज्याला या गावाची खरी सकाळ पाहायची असेल त्याने पहाटेच पूक्कार तेरू, म्हणजे फुलवाल्यांची गल्ली, गाठावी. टोपल्यांतून अबोली, मोगरा, दवणा उतरत असतो. तंजावरची 'कदंबम' वेणी साऱ्या तमिळनाडूत प्रसिद्ध आहे. वेगवेगळी फुले आणि हिरवा सुगंधी पाला एकत्र गुंफलेली ही वेणी पाहून कोकणातल्या किंवा गोव्यातल्या बाईला माहेरची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. अबोलीला येथे 'कनकांबरम्' म्हणतात आणि दवण्याला 'मरिकोळुंदु'. नावे तेवढी निराळी, डोक्यात माळायची हौस तीच!

याच वेळी गल्लीबोळांतून आणखी एक माणूस सायकलवरून निघालेला दिसतो. कॅरियरला कोयता, दोराचे वेटोळे, एखादे खुरपे, कधी मागे बांधलेली छोटी शिडी. हा तंजावरचा माळी. कोणाच्या नोकरीत नाही, कोणत्याही कचेरीच्या हजेरीपटावर नाही. रोज सकाळी त्याच्यापुढे एकच प्रश्न असतो, आणि तो वाटतो तितका सोपा नाही : आज आलेल्या कामांपैकी कोणते घ्यायचे आणि कोणाला नाही म्हणायचे?

हजार वर्षांपूर्वी त्याच्या पूर्वजाला हा प्रश्न पडत नसे. राजराज चोळाने बांधलेले बृहदीश्वराचे मंदिर १०१० साली पुरे झाले. त्याच्या भिंतींवरील शिलालेखांत मंदिराच्या सेवकांची जंत्रीच कोरलेली आहे. चारशे नर्तकी, शिवाय गायक, वादक, शिंपी, सुतार, परीट, कुंभार, ज्योतिषी. नर्तकीला राहायला घर आणि वर्षाला १०० कलम भात. ठिकठिकाणच्या चोळकालीन लेखांत देवाच्या फुलबागेसाठी, म्हणजे 'नंदवनम्'साठी, दान दिलेल्या जमिनी आणि ती बाग राखणाऱ्यांना ठरवून दिलेले धान्य व वस्त्र यांचीही नोंद आढळते. मजुरी दगडात कोरलेली! मालक बदलला तरी दगड बदलत नव्हता.

पुढे १६७० च्या दशकात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे येथे आले आणि १८५५ पर्यंत तंजावरावर भोसल्यांचे राज्य राहिले. आजही बृहदीश्वरासह ८८ देवळांचे वंशपरंपरागत विश्वस्तपद भोसले घराण्याकडेच आहे. दुसऱ्या सरफोजीराजांना तर वनस्पतींचे भारी वेड. त्यांच्या धन्वंतरी महालात औषधांवर संशोधन चाले आणि औषधी झाडपाल्याची रंगीत चित्रे काढून घेतली जात. ग्रंथालय पाहणाऱ्या प्रवाशाने राजांच्या या बाजूचीही जरूर चौकशी करावी. बृहदीश्वराच्या आवारातली आजची हिरवळ मात्र केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे. खात्याची उद्यान शाखा वेगळी आहे. सायकलवाल्या माळ्याचा तिच्याशी संबंध येत नाही.

त्याचे काम कळायचे तर आधी गाव कळायला हवे. तंजावर दोन मातींच्या सीमेवर वसले आहे. उत्तरेला आणि पूर्वेला कावेरीच्या फाट्यांनी आणलेली काळसर, गाळाची, कसदार जमीन. दक्षिणेला व पश्चिमेला वल्लमकडे गेले की लाल, मुरमाड माळ लागतो. राजवाड्याभोवतीच्या चार 'वीदीं'त, म्हणजे मुख्य रस्त्यांवर, जुनी घरे आहेत. अंगण हातभर, पण मागे विहीर, दोन नारळ, एक शेवगा, कढीलिंब आणि मराठी घर असेल तर तुळशीवृंदावन. मेडिकल कॉलेजच्या बाजूला आणि वल्लम रस्त्यावर मात्र नव्या वसाहती उभ्या राहिल्या. तेथे फाटकाच्या आत हिरवळीचा चौकोन, कडेला क्रोटन, कुंपणावर बोगनवेल. मधून कल्लणै कालवा वाहतो. मेट्टूर धरण १९३४ साली पुरे झाले, त्याच योजनेतला हा कालवा. पण लोक अजून त्याला 'पुदु आरू', नवी नदी, असेच म्हणतात.

जुन्या घरातले काम म्हणजे नारळ. कोकणात-गोव्यात ज्याला पाडेली म्हणतात तेच हे काम. दीड-दोन महिन्यांनी एकदा चढायचे, तयार नारळ पाडायचे, सुकलेल्या झावळ्या तोडायच्या, शेंड्यात गेंड्या भुंगा लपला असेल तर आकड्याने ओढून काढायचा. पैसे झाडागणिक मिळतात आणि रोख मिळतात. सकाळच्या दोन तासांत दिवसाची मजुरी सुटते, म्हणून तरण्या माळ्याला या कामाचा मोह पडतो. पण पायात दोराचा वळसा घालून पाच-सहा मजले उंच चढणाऱ्या माणसाचा हात एकदाच सुटायचा असतो. चाळिशी उलटली की घरची माणसे बोलू लागतात. खोड ओले असेल, झाड विजेच्या तारेला टेकलेले असेल, तर शहाणा माळी सरळ मान हलवतो. 'अम्मा, आधी वीजमंडळाला सांगून लाईट बंद करून घ्या, मग बोलवा,' एवढेच तो म्हणतो. अम्मा रागावते, दुसऱ्याला बोलावते. तो दुसराही पुष्कळदा हेच सांगतो.

नारळ विकास मंडळाने २०११ पासून नारळाच्या झाडावर यंत्राने चढण्याचे प्रशिक्षण सुरू केले. पायऱ्यांसारखी दोन पावले खोडाला पकडतात आणि माणूस चालल्यासारखा वर जातो. प्रशिक्षितांना अपघात विम्याचीही सोय केलेली आहे. शिवाय बँकेत खाते असले की वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा केंद्र सरकारचा अपघात विमा मिळतो. ज्या घरी नियमित पाडेली येतो त्या गृहिणीने त्याला एवढे विचारावेच, 'विमा काढला आहेस का?' वीस रुपये तिने भरले तरी तिचे काही जाणार नाही.

नारळाच्या बाबतीत १६ नोव्हेंबर २०१८ ही तारीख या जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. त्या पहाटे 'गजा' चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आले आणि पट्टुक्कोट्टै, पेरावूरणी भागातल्या नारळाच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. ज्यांच्या दोन पिढ्या नारळावर जगल्या त्यांच्या दारात नुसती खोडे पडली. तेव्हा कामाला तोटा नव्हता. खोडे कापायची, ओढायची, खड्डे बुजवायचे. पण ते काम काही महिन्यांचे. नवे रोप लावले तर ठेंगणी जात तीन-चार वर्षांत धरते, उंच जातीला सहा-सात वर्षे लागतात. तोवर चढणाऱ्याने चढायचे कशावर? कित्येकांनी मुकाट्याने दुसरे काम धरले.

वादळाने एक नवे कामही शिकवले. ऑक्टोबरमध्ये ईशान्य मोसमी पाऊस सुरू होण्याआधी अंगणातली झाडे हलकी करून घ्यायची. शेवग्याचे लाकूड ठिसूळ, वाऱ्याने पहिले मोडते ते तेच. सप्टेंबरात छाटणीची बोलावणी एकदम येतात आणि माळ्याला निवड करावी लागते. यात जुनी घरे आधी, असा बहुतेकांचा रिवाज. ज्यांनी वर्षभर बोलावले त्यांच्या कौलांवर फांदी पडता कामा नये.

नव्या वसाहतीतले काम निराळे. तेथे महिन्याचा करार असतो. महिन्यातून दोन वा चार फेऱ्या, हिरवळ कापायची, तण काढायचे, कुंड्यांना खत घालायचे. रक्कम लहान, पण ठरलेली. हिशेब अगदी साधा आहे. समजा दहा घरे धरली आणि प्रत्येकी महिन्याला दोन दिवस दिले, तर वीस दिवस बांधले गेले. रविवार सोडून सहा दिवस उरले. त्यात नारळ, छाटणी, लग्नाच्या मांडवाची केळी, सगळे बसवायचे. पंधरा घरे धरली तर एका फेरीला दिवस पुरत नाही, काम उरकले जाते आणि दोन घरे तरी तुटतात. पाचच धरली तर नोव्हेंबरच्या पावसात, जेव्हा सुटे काम आठ-आठ दिवस बंद पडते, तेव्हा चूल कशावर पेटायची? आठ ते दहाच्या मध्ये कोठे तरी हा तराजू समतोल राहतो. त्यातही घरे एका रस्त्यावर असलेली बरी. चांगली रक्कम देणारे पण गावाच्या दुसऱ्या टोकाला असलेले घर सायकलवाल्याला पुष्कळदा महागच पडते.

हिरवळीबद्दल मात्र एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. वल्लमकडच्या लाल मातीत, पारा चाळिशीला टेकत असताना गवताचा गालिचा राखणे म्हणजे रोज पाणी ओतणे. अनुभवी माळी हे काम नाकारत नाही, पण घरमालकाला आधी विचारतो की मे महिन्यात पाणी कोठून आणणार? उत्तर धड मिळाले नाही तर तो अबोली, जास्वंद, तगर लावण्याचा आग्रह धरतो. हिरवळ मेली की दोष पाण्याला कोणी देत नाही, माळ्याला देतात.

औषध फवारणीचेही तसेच. २०१६ साली पोल्लाचीकडे प्रथम दिसलेली नारळाची सर्पिल पांढरी माशी पुढे कावेरीच्या खोऱ्यातही पसरली. पानांखाली पांढरी वेटोळी, खालच्या झावळ्यांवर काजळीसारखी बुरशी. घरमालक घाबरतो आणि म्हणतो, जालीम औषध मार. ही फवारणी पटकन पैसे देणारी. पण तज्ज्ञांचा सल्ला नेमका उलट आहे. या माशीवर एन्कार्सिया नावाची इवलीशी गांधीलमाशी वाढते आणि तिचा बंदोबस्त करते. जहाल औषधाने मरते ती आधी हीच. त्याऐवजी पानांवर जोराने पाणी मारावे, पिवळे चिकट सापळे लावावेत, काजळीवर लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम मैद्याची खळ करून फवारावी. पट्टुक्कोट्टैजवळ वेप्पनकुळम येथे कृषी विद्यापीठाचे नारळ संशोधन केंद्र आहे, तेथे अशा गोष्टींची माहिती मिळते. मैद्याची खळ मारून माळ्याला किती पैसे मिळणार? थोडेच. पण त्याच झाडावर त्याला पुढच्या महिन्यात चढायचे असते आणि विषाचा फवारा उलटून अंगावर येतो तो त्याच्याच.

गावाबाहेर आणखी एक वाट आहे. तिरुवय्यारू, पापनाशम, स्वामिमलै या पट्ट्यात पानमळे आहेत. कुंभकोणमच्या या विड्याच्या पानाला २०२५ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मराठी पानमळेवाल्याला येथे काहीच परके वाटणार नाही. तोच हादगा, त्यावर चढवलेला तोच वेल, तीच वेलांची उतरण. हे काम हलक्या हाताचे, वर्षानुवर्षे शिकलेल्याचे. ज्याला ते येते त्याला मळेवाला सोडत नाही. पण मळ्यात अडकला की शहरातली दहा घरे हातची जातात, आणि पुरात मळा गेला तर दोन्ही जातात. म्हणून घरात दोघे भाऊ असतील तर एक मळा धरतो, दुसरा शहर.

देवळाच्या नंदवनाचे काम हे सर्वांत कमी पैशाचे. तरीही ते सहसा कोणी नाकारत नाही. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, पहाटेच्या पूजेला फुले लागतात आणि नेमका तेव्हाच थंडीने मोगरा आटतो. पूक्कार तेरूत भाव चढलेले असतात. अशा दिवसांत कण्हेरीची आणि तगरीची चार झाडे राखणाऱ्या माळ्याची पुजाऱ्याला खरी आठवण होते.

येथे येणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. आपल्याकडे जूनच्या सरींबरोबर लावणी सुरू होते, येथे मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. मेट्टूर धरणाचे पाणी सोडण्याची पारंपरिक तारीख १२ जून. नदीला ते आले की मग आडी महिन्यात, जुलैच्या मध्यानंतर, पेरणीची लगबग. आडीच्या अठराव्या दिवशी, ऑगस्टच्या सुरुवातीस, बायका कावेरीच्या घाटावर फुले आणि दिवे सोडतात. हिंडायला जानेवारी-फेब्रुवारी सर्वांत सुखाचे. पाऊस संपलेला असतो आणि भात कापणीला आलेले असते. तिरुचिरापल्लीहून तंजावर सुमारे ५५ किलोमीटर. तेथपर्यंत विमानाने येता येते, पुढे बस आणि आगगाडी भरपूर.

बृहदीश्वर पाहून झाल्यावर लगेच बाहेर पडू नये. शेजारीच शिवगंगा उद्यान आहे. नगरपालिकेने १८७०च्या सुमारास केलेले. आतला तलाव एके काळी गोड पाण्यासाठी नावाजलेला होता. दुपारच्या वेळी तेथल्या सावलीत सायकल टेकवून एखादा माळी डबा उघडून बसलेला असतो. ताक-भात, लोणचे आणि बाजूला ठेवलेला कोयता. सकाळची कामे झालेली असतात, दुपारचे घर चारला उघडते. मधल्या वेळात तो खिशातली लहान वही काढून पुढच्या आठवड्याची घरे लिहितो आणि मग एक नाव खोडतो.