चाकांवरून आलेली हॉटेले

अमेरिकेच्या पूर्व भागात मोटारीने जाताना, रेल्वेचा एखादा डबा रूळ सोडून रस्त्याकडेला येऊन थांबला आहे की काय, असे वाटते. जवळ गेल्यावर कॉफीचा वास येतो. ते हॉटेल असते. तिकडे याला ‘डायनर’ म्हणतात. आम्ही तीन राज्यांत ही जुनी डायनर पाहत फिरलो.

याचा आरंभ कष्टकऱ्यांच्या भुकेतून झाला. १८७२ साली प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाच्या माणसाने रात्रपाळीच्या लोकांसाठी घोडागाडीतून खाणे विकायला सुरुवात केली. पुढे अशा गाड्यांत बसायला जागा झाली आणि हळूहळू गाड्या एका जागी स्थिरावल्या. आकार मात्र गाडीचाच राहिला.

वूस्टर शहरातील एका कारखान्याने १९०६ ते १९५७ या काळात साडेसहाशेच्या आसपास डायनर बांधली. भिंती, छप्पर, काउंटर सारे कारखान्यातच तयार होई. मग अख्खे हॉटेल वाहून नेऊन पायावर ठेवायचे, नळ व वीज जोडायची की धंदा सुरू! वाटेने नेता यावे म्हणूनच ते लांबट आणि अरुंद. बाहेरच्या पत्र्यावर भट्टीत भाजलेला काचेसारखा मुलामा असतो. पुसला की पुन्हा चकचकीत. आत लांब काउंटर, त्यासमोर जमिनीत पक्की बसवलेली स्टुले, आणि स्वयंपाक गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर.

या कारखान्याच्या जागेसमोरच १९४८ चे ‘मिस वूस्टर’ पाहिले. त्याचा क्रमांक ८१२, कारण कारखान्याने मोजणीच २०० पासून सुरू केली होती. पॉटकेटचे ‘मॉडर्न डायनर’ तर पुढून आगगाडीच्या इंजिनासारखे निमुळते आहे. ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत १९७८ साली नोंदले गेलेले हे पहिले डायनर.

ड्रायव्हर, कामगार, साहेब सारे एकाच काउंटरवर बसतात, याचे आम्हाला कौतुक वाटले. पण मेरीलँड राज्यात चाळीस नंबरच्या हमरस्त्याला लागलो तेव्हा दुसरी बाजूही आठवली. १९६१ साली याच रस्त्यावरच्या एका डायनरमध्ये आफ्रिकेतील चाड देशाच्या राजदूताला कॉफी नाकारली गेली, केवळ कातडी काळी म्हणून! त्याच वर्षी बाल्टिमोरच्या ‘आफ्रो-अमेरिकन’ या वृत्तपत्राचे तीन काळे वार्ताहर ‘गोबान’ नावाच्या देशाचे पाहुणे बनून या रस्त्यावर निघाले. असा देशच जगात नाही! तरी परदेशी पाहुणे म्हटल्यावर काही ठिकाणी त्यांना वाढले गेले. तिथल्याच काळ्या माणसाला मात्र दार बंद होते. गावच्या हॉटेलात वेगळी ठेवलेली कपबशी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचा अर्थ सांगायला नको.

काळे तरुण व त्यांचे गोरे साथी या रस्त्यावरच्या हॉटेलांत जाऊन बसले, त्यांनी अटक पत्करली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने अशी मनाई देशभर बेकायदा ठरली.

वाचकहो, आपली मुले-नातवंडे शिकायला तिकडे गेली, तर त्यांनी ही डायनर जरूर पाहावीत. स्टूल कारखान्यातून बसवून आले होते. त्यावर बसण्याचा हक्क मात्र माणसांना लढून मिळवावा लागला, हेही त्यांना सांगावे.