तासाभराचं अंतर

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, दिल्ली ते लेह विमानाने किती वेळ लागतो?"

"सव्वा तास. अंतर सरळ रेषेत सहाशे किलोमीटरच्या थोडं वर."

पोरगं खूश. पाच दिवसांची सुट्टी. पहिल्या दिवशी लेह, दुसऱ्या दिवशी सकाळीच खारदुंग ला. बेत ऐकला आणि मला आमचं चंदिगडचं विमान आठवलं.

लडाखला राहून आलेल्यांना हे सांगायला नको. ट्रान्झिट कॅम्पमध्ये नंबरची वाट बघायची, मग पहाटेच उठून सामानासकट धावपट्टीवर, आणि आयएल-76 च्या पोटात गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. चंदिगड ते लेह हवाई अंतर चारशे किलोमीटरही नाही. तासाभरात दार उघडतं. पण तेवढ्यात माणूस हजार फुटांवरून साडेदहा हजार फुटांवर आलेला असतो. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश. छाती तेवढीच फुगते, आत प्राणवायू कमी जातो.

म्हणून फौजेचा नियम आहे. त्या उंचीवर सहा दिवस काढायचे. पहिले दोन दिवस नुसता आराम. मग दोन दिवस सपाटीवर सावकाश चालणं, शेवटचे दोन दिवस थोडा चढ. त्याहून वर जायचं तर चार-चार दिवसांचे आणखी दोन टप्पे.

मी तेव्हा नाईक होतो. माझ्या सेक्शनमध्ये जावळीकडचा एक पोरगा होता, डोंगरात वाढलेला. दुसऱ्या दिवशी दुपारी पलीकडे व्हॉलीबॉल चालू होता. "उस्ताद, अर्धा तास जाऊ? बसून बसून अंग आंबलंय." नियम मला माहीत होता. तरी मी म्हणालो, "जा, पण लवकर ये."

रात्री त्याला कोरडा खोकला सुरू झाला. मला वाटलं, सर्दी असेल. पहाटे बघतो तर पठ्ठ्याला आडवं होता येईना, बसून धापा टाकतोय, ओठ निळे. हापो. फुप्फुसात पाणी. स्ट्रेचरवर घालून दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, याला खाली उतरवायला हवं.

खाली म्हणजे तेच तासाभराचं चंदिगड. पण लेहला विमानं सकाळचीच येतात. दुपारी वारा चढतो आणि तापलेल्या विरळ हवेत विमानाला उचल मिळत नाही. त्या सकाळी ढग होते, विमान आलंच नाही. तो अख्खा दिवस मी त्याच्या खाटेशी बसून होतो. त्याच्या आईला काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी आभाळ उघडलं. ज्या विमानाने त्याला आणलं, तसल्याच विमानाने खाली नेलं. पोरगा वाचला. पुढे पत्र आलं, त्यात माझ्याबद्दल तक्रारीचा एक शब्द नव्हता. तेच जास्त लागलं.

पुढे हवालदार झाल्यावर नवी तुकडी आली की पहिले दोन दिवस मी बराकीच्या दारातच खुर्ची टाकून बसायचो. पोरं मागून हसायची. हसू दे.

भाच्याला हे सगळं सांगितलं. खारदुंग ला त्याने शेवटच्या दिवसावर ढकलला. "मग पहिले दोन दिवस हॉटेलात करू काय?"

म्हटलं, "चहा पी, आणि खिडकीतून स्तोक कांगरी बघ. मीही तेच केलं असतं तर बरं झालं असतं."