जॉन मॅकगीओक : नाव मागे राहिले, नाद पुढे गेला

१/
जुलै २०२२ मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेच्या चौथ्या पर्वाचा अखेरचा भाग प्रदर्शित झाला आणि १९८१ सालचे एक गाणे नव्या पिढीच्या कानांवर पडले : सूझी अँड द बॅन्शीज या ब्रिटिश बँडचे ‘स्पेलबाउंड’. गायिका सूझी, हे बँडच्या नावातच लिहिलेले आहे. पण त्या गाण्यात अखंड धावणारी गिटार कोणाची, हे नावात कुठेच नाही. ती गिटार जॉन मॅकगीओकची. हा धागा त्याच्याविषयी, आणि संगीताचा इतिहास कोणाला लक्षात ठेवतो याविषयी.

२/
मॅकगीओकचा जन्म २५ ऑगस्ट १९५५ रोजी स्कॉटलंडमध्ये, क्लाइड नदीच्या मुखावरील ग्रीनॉक या जहाजबांधणीच्या गावी झाला. पुढे कुटुंब लंडनच्या परिसरात आले. १९७५ मध्ये तो मँचेस्टर पॉलिटेक्निकमध्ये चित्रकला शिकण्यासाठी गेला. संगीत हे त्याचे तेव्हाचे ध्येय नव्हते. पण ज्या शहरात तो पोहोचला, तिथे वर्षभरातच काहीतरी पेटणार होते.

३/
४ जून १९७६. मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्सचा कार्यक्रम झाला. प्रेक्षक मोजकेच होते. पण त्यांतल्या कित्येकांनी पुढे स्वतःचे बँड काढले. कार्यक्रम घडवून आणणारे दोन तरुण म्हणजे हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली. त्यांच्या बझकॉक्स या बँडने जानेवारी १९७७ मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ ही छोटी ध्वनिमुद्रिका स्वतःच्या बळावर काढली. त्यानंतर लगेचच डिव्होटो बँडमधून बाहेर पडला.

४/
इथे पंकचा एक समज ध्यानात घ्यावा लागतो. त्या काळच्या एका हौशी नियतकालिकात गिटारच्या तीन कॉर्ड्सची चित्रे छापून वाचकांना सांगितले होते की एवढे आले की झाले, आता बँड काढा. वादनकौशल्य म्हणजे जुन्या, सुस्त झालेल्या रॉकचे लक्षण, अशी भावना होती. तिच्यात मोकळीक होती, हे खरे. पण ज्याला मुळातच उत्तम वाजवता येत होते, त्याने या चळवळीत काय करायचे?

५/
मॅकगीओकला हाच प्रश्न सोडवायचा होता. त्याचा घरसोबती माल्कम गॅरेट हा पुढे बझकॉक्सच्या वेष्टनांमुळे नावाजलेला रेखनकार. त्यानेच १९७७ मध्ये डिव्होटोशी गाठ घालून दिली आणि ‘मॅगझिन’ हा बँड उभा राहिला. जानेवारी १९७८ मध्ये त्यांचे पहिले गाणे आले : ‘शॉट बाय बोथ साइड्स’. त्यातली वर वर चढत जाणारी गिटारची सुरावट ऐकणारा सहसा विसरत नाही.

६/
आता कर्तृत्वाचा गुंता पाहा. ही सुरावट मॅकगीओकची नव्हे; ती पीट शेलीने दिली होती आणि बझकॉक्सच्या ‘लिपस्टिक’ या गाण्यातही ती सापडते. लेखनाचे श्रेय डिव्होटो आणि शेली यांचे आहे. तरीही ती दोन गाणी पाठोपाठ ऐकली की फरक कळतो. एकाच सुरावटीला मॅकगीओकच्या हाती वेगळी धार आणि वेगळा ताण येतो. कागदावरचे श्रेय रचनेची नोंद ठेवते, स्पर्शाची ठेवत नाही.

७/
‘शॉट बाय बोथ साइड्स’ ब्रिटिश विक्रीयादीत ४१व्या क्रमांकापर्यंत जाऊन थांबले. ‘रिअल लाइफ’ (१९७८), ‘सेकंडहँड डेलाइट’ (१९७९) आणि ‘द करेक्ट यूज ऑफ सोप’ (१९८०) हे अल्बम समीक्षकांनी वाखाणले. विक्री मात्र बेताचीच राहिली. मॅकगीओक या बँडमध्ये गिटारबरोबर सॅक्सोफोनही वाजवत असे. पण कौतुकावर पोट भरत नाही. १९८० मध्ये त्याने मॅगझिन सोडले.

८/
त्याच सुमारास सूझी अँड द बॅन्शीजला गिटारवादक हवा होता. सप्टेंबर १९७९ मध्ये, ऐन दौऱ्यात, गिटारवादक आणि ड्रमवादक दोघेही बँड सोडून गेले होते. मॅकगीओक आला आणि बँडचा रंगच पालटला. ‘हॅपी हाउस’ (१९८०) ऐकावे : स्वर मोजकेच, एखाद्या खेळण्याच्या पेटीतून यावेत तसे गोड, आणि तरी मनात धाकधूक निर्माण करणारे. शीर्षकातल्या ‘सुखी घरा’त काहीतरी बिनसले आहे, हे गिटारच आधी सांगते.

९/
त्याच्या वादनाचे मर्म काय? तो कॉर्डचे सगळे स्वर एकदम छेडण्याऐवजी एकेक करून उकलत असे. फ्लँजर हे उपकरण ध्वनीची दुसरी प्रत किंचित विलंबाने मूळ ध्वनीत मिसळते. त्यातून उठणारा घुमारा त्याने आपल्या वादनाचा अविभाज्य भाग बनवला. आणि लांबलचक एकल वादनाचा मोह त्याने टाळला. कौशल्य होते, पण ते मिरवायचे नव्हते. पंकच्या प्रश्नाला त्याने दिलेले हे उत्तर होते.

१०/
जून १९८१ मधील ‘जुजू’ हा या काळाचा कळस. ‘स्पेलबाउंड’ आणि ‘अरेबियन नाइट्स’ त्यातलीच गाणी. पुढे ‘गॉथिक रॉक’ म्हणून ओळखल्या गेलेल्या शैलीच्या पायाभूत अल्बममध्ये त्याची गणना होते. श्रेयनामावलीत मात्र गाणी संपूर्ण बँडच्या नावे आहेत. समूहाच्या दृष्टीने हे न्याय्यच होते. पण चाळीस वर्षांनी ‘समूह’ म्हणजे लोकांना आठवते ती केवळ समोर उभी राहणारी व्यक्ती.

११/
या यशाची किंमतही होती. सततचे दौरे आणि वाढते मद्यपान यांनी मॅकगीओकला पोखरले. १९८२ मध्ये माद्रिद येथे तो कार्यक्रमातच कोलमडला आणि लवकरच बँडमधून त्याला जावे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘अ किस इन द ड्रीमहाउस’ हा अल्बम आला, तेव्हा त्याच्या जागी द क्युअर बँडचा रॉबर्ट स्मिथ गिटार वाजवत होता. अल्बमवर वादन एकाचे, मंचावर दुसराच.

१२/
त्यानंतर ‘द आर्मरी शो’ हा बँड आणि त्यांचा एकमेव अल्बम ‘वेटिंग फॉर द फ्लड्स’ (१९८५). १९८६ मध्ये तो जॉन लायडनच्या पब्लिक इमेज लिमिटेडमध्ये दाखल झाला. त्याच वर्षी व्हिएन्नात प्रेक्षकांतून आलेली बाटली त्याच्या चेहऱ्यावर आदळली आणि टाके घालावे लागले. तरी तो टिकला, सहा वर्षे आणि तीन अल्बम : ‘हॅपी?’, ‘नाइन’, ‘दॅट व्हॉट इज नॉट’. १९९२ मध्ये तो बँडही थांबला.

१३/
नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्याने परिचारकाचे प्रशिक्षण घेतले. याकडे ‘घसरण’ म्हणून पाहण्याचा मोह होतो, तो आवरावा. दुसऱ्याच्या आवाजाला आधार देण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने रुग्णसेवेकडे वळणे यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. ४ मार्च २००४ रोजी झोपेतच त्याचा मृत्यू झाला. वय ४८. पाच वर्षांनी मॅगझिन पुन्हा एकत्र आले, तेव्हा गिटार नोको या वादकाच्या हाती होती.

१४/
मग तो विस्मृतीत गेला का? द स्मिथ्सचा जॉनी मार, रेडिओहेडचे जॉनी ग्रीनवुड आणि एड ओब्रायन, रेड हॉट चिली पेपर्सचा जॉन फ्रुशांते : या सर्व गिटारवादकांनी त्याचा प्रभाव उघडपणे मान्य केला आहे. श्रोत्यांना त्याचे नाव ठाऊक नसेल. पण त्यांच्या आवडत्या वादकांना ते पक्के ठाऊक आहे. त्याचे चरित्र पुस्तकरूपाने आले ते २०२२ मध्ये, मृत्यूनंतर तब्बल अठरा वर्षांनी.

१५/
रॉकचा इतिहास बहुधा बँडच्या नावांनी आणि गायकांच्या चेहऱ्यांनी लिहिला जातो. जो माणूस एका बँडमधून दुसऱ्यात जातो, तो प्रत्येक प्रकरणात येतो आणि कोणत्याच प्रकरणाचा नायक होत नाही. अशा माणसाला शोधायचे तर छापील साधने अपुरी पडतात. ध्वनिमुद्रण हेच अस्सल साधन मानावे लागते. ‘शॉट बाय बोथ साइड्स’, ‘हॅपी हाउस’ आणि ‘स्पेलबाउंड’ याच क्रमाने ऐकावीत, आणि तेवढ्यापुरते लक्ष गायकावरून काढून घ्यावे. तीन गाणी, दोन बँड आणि एकच हात, हे मग कोणी वेगळे सांगावे लागत नाही.